आमचा बुधवार परत द्या

प्रति,
माननीय पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,

प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी, आशीर्वादाच्या आधी, सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे सूचना वाचल्या. नेत्रतपासणी शिबिर, महिला मंडळाची सहल, कब्रस्तानातलं गवत काढायला माणसं हवीत, आणि मग त्याच सुरात चौथी: बुधवारच्या घरोघरच्या प्रार्थनासभा उपस्थितीअभावी बंद करण्यात येत आहेत, सभासदांच्या आध्यात्मिक वाढीसाठी यापुढे दरवर्षी तीन दिवसांची संजीवन सभा (विश्वासाला पुन्हा चेतना देणारी मोठी सभा) घेण्यात येईल. पाचवी सूचना कुणाच्या तरी राहिलेल्या छत्रीची होती. छत्रीवाला लगेच उभा राहिला. बुधवारसाठी कुणीच उभं राहिलं नाही. मीसुद्धा नाही. ते तेव्हापासून मला खुपतंय, म्हणून हे पत्र.

आधी मी रीतसर दोन अर्ज दिले. पहिल्याला ‘पुढच्या बैठकीत ठेवू’ असं उत्तर आलं, दुसऱ्याला तेवढंही नाही. आपल्या चर्चच्या मंडळीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाची शोभा करायची नाही. शिवाय हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. माझ्या नर्सिंगच्या बॅचच्या मैत्रिणी नगर, जालना, नाशिक, सोलापूर अशा विखुरल्या आहेत. फोनवर प्रत्येकीकडून थोड्याफार फरकाने हेच कळतं की देऊळ (म्हणजे चर्च) झकास होतंय, माणसं येतात, बसतात आणि जातात. वाचताना कुणाला आपलीच मंडळी आठवली तर बोल मला लावू नये.

माझा या गोष्टीशी काय संबंध, ते सांगते.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत झाला. शाळेची एकच खोली होती, रविवारी तेच आमचं देऊळ. पाळक तालुक्याहून महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. प्रभुभोजन, बाप्तिस्मे, भांडणतंटे, सगळं त्या एका रविवारी उरकायचं. बाकीचे रविवार आमचे आम्ही. मास्तर शास्त्र वाचायचे, एखादा म्हातारा प्रार्थना चालवायचा, मृदंगावर गवंडीकाम करणारे माझे चुलते. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, पाळक रोज मिळत नव्हते म्हणून आम्हा सगळ्यांना काहीतरी करावंच लागलं, आणि करता करता आम्ही शिकलो.

तिथे माझी एक थोरली काकू होती. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. मी चौथीत गेल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी भराभरा अध्याय वाचून पुस्तक मिटलं की ती म्हणायची, ‘वाचलंस ते झालं. आता तुझ्या तोंडाने सांग.’ मला सांगता यायचं नाही. मग पुन्हा वाचायचं, पुन्हा सांगायचं. तिच्यामुळे मला शुभवर्तमान समजायला लागलं. धर्मशिक्षणाच्या पद्धतीवर पुढे मी भाषणं ऐकली, पण त्या एका वाक्याच्या पलीकडे मला अजून काही सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर कळवा.

पुढे नोकरीला शहरात आले. सरकारी दवाखान्यातली ड्यूटी म्हणजे महिन्याचे दोन रविवार हमखास गेले. बुधवारी संध्याकाळी मात्र कुणाच्या तरी घरी सभा असायची. तीच माझी खरी मंडळी झाली, हे मला नंतर कळलं. नवऱ्याला डायलिसिसवर ठेवलं तेव्हा.

आठवड्यातून दोन वेळा त्यांना घेऊन जायचं, राहिलेल्या वेळात स्वतःची ड्यूटी. एका बुधवारी प्रार्थनेची माझी पाळी आली आणि मी म्हटलं, ‘मला जमत नाही. शब्द येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर नुसता रागच येतो.’ खोली गप्प झाली. आता सगळं सोसूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची गोष्ट ऐकावी लागणार, अशी मी तयारी केली होती. पण कंपनीतून निवृत्त झालेले एक फिटर होते, ते म्हणाले, ‘बाई, तुझ्या वाटची आम्ही करतो. तू नुसती येऊन बस.’ मी सात महिने नुसती बसले. मग कधीतरी दुसऱ्याच्या प्रार्थनेला मोठ्याने आमेन म्हणू लागले. तिथून पुढे स्वतःचे शब्द यायला आणखी वर्ष गेलं, तोवर हे गेले होते. त्याच काळात रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांच्या यादीत ह्यांचं नाव वाचलं जात होतं. एकदा दुसऱ्याच आडनावाने.

हे टोचून बोलण्यासाठी लिहिलेलं नाही. एवढ्या मोठ्या मंडळीत यादी वाचणाऱ्याची गल्लत व्हायचीच. जिथे आपली प्रार्थना थांबली तर कुणाच्या तरी लक्षात येईल अशी एक खोली माणसाला लागते, इतकंच मला म्हणायचं आहे. ती खोली तुम्ही एका ओळीच्या सूचनेत बंद केलीत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, ‘उपस्थितीअभावी’ या शब्दाबद्दल. शेवटच्या बुधवारी आम्ही नऊ जण होतो, हे खरं. मत्तय १८:२०, म्हणजे जिथे दोघं-तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, हे येशूचं वचन मी तुम्हाला समजावून सांगायला नको. पण हजेरी का घटली, हे कमिटीने कुणाला विचारलं का? दोन वर्षं बुधवारचं वेळापत्रक छापलेलं नाही. पाळकसाहेब त्या काळात एकदाही आले नाहीत. आणि एक कारण आमच्या पदरचं आहे, ते लपवत नाही. सुरुवातीला नुसता चहा असायचा. मग एका घरी पोहे झाले, पुढच्या घरी उपमा आणि शिरा, मग पावभाजी. दोन खोल्यांत राहणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबांनी हळूहळू ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायला सुरुवात केली आणि आम्हाला कारण कळूनही आम्ही पोहे थांबवले नाहीत. शिवाय प्रार्थनेच्या नावाखाली चुगल्याही व्हायच्या. अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, म्हणजे काय झालंय ते आधी सविस्तर ऐका! हे सगळं दुरुस्त करायलाच हवं होतं. पण ताप आला म्हणून आम्ही पेशंटचं नाव रजिस्टरमधून कापत नाही. औषध देतो.

दुसरी तक्रार खोलीबद्दल. मागची शिकवणीची खोली आता सोमवार ते शनिवार एका क्लासला भाड्याने दिली आहे. त्या भाड्यातून पडदा, प्रोजेक्टर आणि नवी साउंड सिस्टिम आली. क्लासवाल्या मुलांबद्दल माझ्या मनात काही नाही, शिकू देत बिचारी. पण त्या खोलीत आपली मुलं शनिवारी वचनं पाठ करत, तरुण संघ तिथे बसे, ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची बुधवारची पाळी तिथे भरवता येत असे. आता शनिवारी आपलीच पोरं कंपाउंडमध्ये भिंतीवर बसून मोबाइल बघत असतात.

इमारतीच्या पैशावरून मला एक जुनी गोष्ट आठवते. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल इथे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्लींच्या लोकांवर उपासनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. बैठकीत एका जहाजाच्या कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, काहींना तेवढंही परवडणार नाही. कप्तान म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, जो देऊ शकणार नाही त्याचं मी भरीन. अशी बारा-बारांची टोळकी झाली. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना मग दिसायला लागलं की इथे नवराबायकोचं पटत नाही, तिथे दारू सुटत नाही. पैसे मागायला गेलेला माणूस विचारपूस करू लागला. पुढे हे बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले, आणि मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा त्यातून तयार झाला. त्यांच्याकडे इमारतीच्या कर्जातून छोटे गट जन्माला आले. आपल्याकडे इमारतीच्या हौसेपायी छोटा गट बंद पडला. कमिटीत हिशेब जाणणारे लोक आहेत, त्यांनी हा ताळेबंद मला समजावून द्यावा.

तिसरी तक्रार, संजीवन सभेला बुधवारची बदली समजण्याबद्दल. मी संजीवन सभांच्या विरुद्ध नाही. माझ्या आईचं मन अशाच एका सभेत पालटलं. पण मी दुष्काळी मुलखातली बाई आहे. वळवाचा पाऊस कसा असतो ते मला ठाऊक आहे. तासाभरात ओढा दुथडी भरतो, चौथ्या दिवशी वाळू. विहिरीला पाणी येतं ते रिपरिप पडणाऱ्या पावसाने. बाहेरगावचे वक्ते येतात, तीन रात्री बोलतात, हात वर करायला लावतात, चौथ्या दिवशी त्यांची गाडी असते. हात वर केलेल्या पोराकडे पाचव्या दिवशी कोण जाणार? पूर्वी उत्तर होतं की बुधवारची माणसं जातील. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या आश्रमात १९०५ साली मोठं संजीवन झालं, त्याचे दाखले आपण अजून व्यासपीठावरून देतो. पण त्याआधी कित्येक महिने तिथल्या मुली-बायका रोज जमून प्रार्थना करत होत्या, ते सांगायला विसरतो. रमाबाईंना तर शास्त्र साध्या बाईला कळावं याची एवढी निकड होती की मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर त्यांनी एकटीने तडीला नेलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. नुसत्या सभांनी भागत असतं तर त्या बाईने एवढी वर्षं कशाला घालवली असती?

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. ती दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुलं मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या, वर्गाबद्दल आहे आणि तिच्यात माझा मुलगा आहे.

त्याच्या वेळी वर्ग सहा महिन्यांचा होता, आता तो चार शनिवारांवर आला आहे आणि प्रश्नोत्तरं व्हॉट्सअॅपवर पाठवली जातात. पण मुद्दा नुसत्या मुदतीचा नाही. सोळाव्या वर्षी त्याने वर्गात विचारलं, यहोशवाच्या पुस्तकात गावंच्या गावं, लेकराबाळांसकट मारली जातात, ते देवाने कसं सांगितलं? त्याला सांगण्यात आलं की असले प्रश्न सैतान सुचवतो. तो घरी आला आणि जेवला नाही. पुढच्या बुधवारी मी त्याला ओढूनच सभेला नेलं. तोच प्रश्न त्याने तिथे टाकला, जरा उद्धटपणेच. फिटरकाका म्हणाले, ‘मला पण ते कळत नाही रे. पन्नास वर्षं झाली. बस, आपण सोबत वाचू.’ काका गेले त्या वर्षापर्यंत तो दर बुधवारी जात होता. आता तो बंगळुरूला असतो आणि कुठल्याच मंडळीत जात नाही. त्याचा दोष मी कमिटीवर टाकत नाही. घर म्हणून आम्हीही कुठे कमी पडलो असू. पण मला हे पक्कं ठाऊक आहे की एका माणसाच्या ‘मला पण कळत नाही’ने त्याला चार वर्षं धरून ठेवलं होतं. आज वर्गात बसलेल्या मुलांना असा माणूस कुठे भेटणार आहे?

पाचवी, बायकांबद्दल, आणि ही मी थोडक्यात आटोपते कारण लांबवली की माझा आवाज चढतो. रविवारी आमच्या वाट्याला फुलं, चहा आणि हंगामाच्या सणाच्या लिलावाची भाजी. शास्त्रवाचन ठरावीक पाच-सहा घरांत फिरतं. बुधवारी मात्र भाजी विकणारी बाई अध्याय वाचून अर्थ सांगायची आणि बँकेतले साहेब ऐकायचे. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात अपुल्लोसारखा पट्टीचा वक्ता सभास्थानात निर्भीडपणे बोलत होता, पण त्याला अजून पुरतं कळलेलं नव्हतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या जोडप्याने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि नीट समजावलं. चारचौघांत त्याचा अपमान केला नाही, हे विशेष. आपल्याकडे प्रिस्किल्ला पुष्कळ आहेत. त्यांना बसायला बुधवार होता.

सहावी गोष्ट गाण्यांची. पडद्यावर हल्ली हिंदी-इंग्रजी गाणी असतात, चाली छान आहेत, माझी नातही गाते. पण गेल्या पाम संडेला संपूर्ण उपासनेत एकही मराठी भजन नव्हतं. भजन म्हणजे आमच्या घराण्याचं शिक्षण आहे. माझ्या काकूला वाचता येत नव्हतं, तरी तारणाचा अर्थ, क्रूसाचा अर्थ, शेजाऱ्यावरची प्रीती, हे सगळं तिला पाठ होतं, कारण ते अभंगात आणि ओवीत होतं. एकोणिसाव्या शतकात नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनं लिहिली, ती आपल्या ‘उपासना संगीता’त पानोपानी आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं त्या बाईने काय सोसलं आणि तिचं सोवळंओवळं कसकसं गळून पडलं, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. कुणी व्यासपीठावरून दटावल्याने ते झालं नाही. माणसांत राहून, खाऊनपिऊन, भांडून, हसून झालं. टिळकांचं नाव आपण जयंतीला घेतो. त्यांची भजनं मात्र बुधवारी पेटीवर म्हटली जायची, आणि पेटी आता खोलीच्या माळ्यावर क्लासच्या बाकांमागे आहे. मी वर चढून पाहून आले. या वयात.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. पाळकसाहेबांकडे एक मोठी मंडळी, दोन लहान मंडळ्या, शाळेची कमिटी आणि कोर्टातली जमिनीची तारीख आहे. आठवड्याला सात घरी जाणं त्यांना जमणार नाही. कमिटीत कुणीतरी अशीही भीती बोलून दाखवली म्हणे की घराघरांत सभा झाल्या की चुकीची शिकवण शिरते, आणि मग ती घरंच्या घरं एखाद्या स्वतंत्र फेलोशिपकडे निघून जातात. भीती खोटी नाही, दोन कुटुंबं तशी गेलीही. मी त्यांच्यापैकी एकीला विचारलं, काय मिळालं तिकडे? ती म्हणाली, ‘ताई, मी पहिल्या दिवशी गेले तर त्यांनी माझं नाव विचारलं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना ते लक्षात होतं.’ तिकडची शिकवण मला सगळी पटत नाही. समृद्धीच्या आश्वासनांचा तर मला नर्स म्हणून संताप येतो, कारण औषधं बंद करून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. पण नाव लक्षात ठेवण्याच्या बाबतीत आपण हरलो, हे मान्य करूया.

चुकीची शिकवण थांबवायची असेल तर घरं बंद करून थांबणार नाही. शिकवणारे तयार करावे लागतील. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक का दिले त्याचं कारण लिहिलंय. त्यांनी पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायचं आहे. सगळी सेवा एकट्यानेच करायची आणि थकून जायचं, असं तिथे कुठेही नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा उंच मंचावरून नियमशास्त्र वाचतो, तोपर्यंत आपल्या रविवारसारखंच आहे. पण तिथे लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, लोकांत जाऊन अर्थ उलगडून सांगतात, म्हणून लोकांना कळतं आणि ते रडतात. आपल्याकडे मंच आहे, माइक आहे, लेवी नाहीत. पाळकसाहेबांचे उपदेश चांगले असतात, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. तरी २५ मिनिटांच्या उपदेशानंतर दारात एखाद्याला विचारून बघा, आज काय ऐकलंस? तो म्हणेल, छान होतं. (त्रोवसला पौलाच्या लांबलेल्या उपदेशात युतुख झोपून खिडकीतून खाली पडला, तेव्हा हा प्रश्न फार जुना आहे.)

तेव्हा माझ्या मागण्या. त्यांत काही मोठं नाही, बहुतेकांना पैसाही लागत नाही.

बुधवारच्या सभा आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा. एका सभेऐवजी भागवार तीन-चार छोट्या करा, म्हणजे म्हाताऱ्यांना रिक्षा लागणार नाही. वेळापत्रक छापा आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहा: फक्त चहा. हा नियम कमिटीच्या घरांनाही लागू. सभा सव्वा तासात संपली पाहिजे, आणि दुसऱ्यासाठी प्रार्थना मागताना त्या माणसाची परवानगी घेतलेली असली पाहिजे.

शिकवणीची खोली बुधवार आणि शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे परत घ्या. भाडं थोडं कमी होईल. पडदा तर आता आलेलाच आहे.

दृढीकरणाचा वर्ग पुन्हा सहा महिन्यांचा करा आणि प्रत्येक मुलामागे नात्यातला नसलेला एक प्रौढ सभासद नेमा, जो त्याच्यासोबत वाचेल आणि वर्ग संपल्यावरही त्याला फोन करेल. वर्गात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला सैतानाचं नाव देऊ नका.

घरसभा चालवायला दहा जण निवडा, पाच पुरुष, पाच बाया. पाळकसाहेबांनी महिन्यातून एक संध्याकाळ फक्त या दहांना द्यावी, पुढच्या महिन्याचे उतारे त्यांच्यासोबत वाचावेत. आणि महिन्यातून एका बुधवारी त्यांनी कुठल्या तरी घरी यावं, उपदेश करायला नको, नुसतं बसायला. पाळकाने जमिनीवर सतरंजीवर बसून दुसऱ्याची प्रार्थना ऐकली की काय होतं, हे मी गावाकडे पाहिलंय. वस्तीत आठवडाभर तोच विषय असायचा.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करा. आपल्या भागातल्या दोघींना तर वर्षभरात प्रभुभोजन मिळालेलं नाही. दोघी एके काळी संडे स्कूल चालवत होत्या, तुमच्यापैकी निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेत. विधवांची वाढणी चुकते म्हणून यरुशलेमात तक्रार झाली तेव्हा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सात माणसं नेमली, तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. यादी करायचं आणि ती दर महिन्याला ताजी ठेवायचं काम मी घेते. ड्रेसिंग, बीपी बघणं तेही करीन.

दर रविवारी किमान दोन मराठी भजनं असू द्या, त्यांतलं एक पेटीवर. पेटी दुरुस्त करून द्यायला मी तयार आहे, फक्त ती माळ्यावरून खाली काढायला दोन तरुण पाठवा.

आणि वार्षिक सभेच्या आधी या पत्राला लेखी उत्तर द्या. ‘नाही’ असेल तर नाही लिहा, पण कारण लिहा. वार्षिक हिशेबात शिक्षणासाठी किती खर्च झाला याची स्वतंत्र ओळ दाखवा. सध्या ती ‘किरकोळ’मध्ये आहे.

मी मंडळी सोडून जाणार नाही, हेही सांगून ठेवते, कारण अर्ज दिल्यावर कुणीतरी तशी चौकशी केली. माझं लग्न इथे झालं, ह्यांची माती इथल्याच कब्रस्तानात आहे, शेजारची जागा माझी आहे. गवत काढायला मी त्या शनिवारी आले होते. आम्ही चौघं होतो.

तुमचं उत्तर येईपर्यंत दर बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता माझ्या घरी बसणार आहोत. ही मंडळीची अधिकृत सभा नाही, अर्पण गोळा होणार नाही. या बुधवारी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायचा आहे. कमिटीतल्या कुणालाही यायचं असेल तर या, जागा आहे. वाचणाऱ्याला नंतर ते आपल्या शब्दांत सांगावं लागतं, ही अट पाळकसाहेबांनाही आहे. चहा असेल. पोहे नसतील.

आपली ख्रिस्ती भगिनी,
एक सभासद
(वर्गणी मार्चअखेरपर्यंत भरलेली आहे.)